अख्खी साडी

सुचिताने मोबाईलवर बघून तुकडे जोडायची नवी पद्धत उचलली आणि एकदम तीन गोधड्या शिवायला घेतल्या. दोन मुरुडच्या लॉजच्या होत्या, तिसरी शेजारच्या मनुबाईची. मनुबाईच्या मेलेल्या लेकीची एकच साडी उरली होती. ती अख्खी आत घालायची होती, कारण आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या कापडाला कात्री लावत नाहीत. घाईत सुचिताकडून कापडांच्या ढिगांची अदलाबदल झाली आणि त्या साडीचे कापलेले त्रिकोण लॉजच्या गोधडीत गेले. लक्षात आलं तेव्हा ती गोधडी लॉजवर पोचलीही होती.

"काकी, मी परत आणते. उसवून पुन्हा जोडते."

"जोड. मग लेक पन जोड," मनुबाई म्हणाली आणि अनवाणीच लॉजवर निघाली.

मॅनेजर म्हणाला, "ती गोधडी पांघरून खोलीत गिऱ्हाईक झोपलंय. चारनंतर या."

मनुबाई खोलीच्या बंद दाराबाहेर फरशीवर बसली. आतून हसण्याचा आवाज येत होता.