पिवळा रंग

हात न मळता पैसे देणाऱ्या कामावर जिवनबाईचा कधीच विश्वास नव्हता. शिरड शहापूरजवळच्या तांड्यातली बारा बायांची खुरपणीची टोळी ती तीस वर्षं चालवत होती. कोणती पात, म्हणजे पिकाची कोणती ओळ, कुणी धरायची हे तिच्या एका नजरेवर ठरायचं. म्हणून नात पुजा जवळा बाजारला कामाला जाऊ लागली आणि ते काम म्हणजे दिवसभर खुर्चीवर बसून गवताचे फोटो बघणं असं कळलं, तेव्हा तिच्या मनात आलं ते एवढंच, की पोरीला कोणीतरी फसवतंय.

खताच्या दुकानावरच्या मजल्यावर वीस कॉम्प्युटर मांडले होते. परदेशातल्या शेतांचे फोटो तिथं यायचे. प्रत्येक रोपाभोवती रेघ ओढायची. पीक असेल तर आत हिरवा रंग भरायचा, तण असेल तर लाल, आणि ओळखूच आलं नाही तर पिवळा. पिवळा केला की ते उत्तर चुकलेलंच धरायचे. शंभरातली पंच्याण्णव तरी बरोबर यायला हवीत. सलग तीन आठवडे त्याखाली राहिलं की काम सुटलं. पुजाचे दोन आठवडे तसे गेले होते.

या पगाराच्या भरवशावर तिनं हिंगोलीच्या कॉलेजात बाहेरून नाव घातलं होतं. काम गेलं तर कॉलेजही जाणार आणि आजीच्या टोळीत यावं लागणार. टोळीत ती मागच्या साली एक दिवस आली होती, तेव्हा तणाबरोबर अर्धी पात तूरही उपटून ठेवली होती तिनं. पंचफुला नावाची टोळीतली बाई अजून तिला तूरवाली म्हणून हाक मारायची.

आठवडी बाजाराच्या दिवशी जिवनबाई भाजीची पिशवी घेऊन सरळ जिना चढली. चपला बाहेर काढून पुजाच्या खुर्चीमागं उभी राहिली. तासभर ती फक्त बघत होती. सरळ ओळी, मऊ माती, कोवळी रोपं. पण इतकी शेतं डोळ्यांखालून गेली, तरी एकाही फोटोत माणूस नव्हता. कुणाचं पाऊल नाही, पाण्याची घागर नाही, झाडाला बांधलेली झोळी नाही. ही रानं कोण राखत असेल, याचं तिला कोडं पडलं.

मग एका फोटोत तिला घोळ दिसली. बिटाच्या ओळीत मातीला चिकटून पसरलेली, लाल देठाची, जाड पानांची. पुजानं तिच्यात बेधडक हिरवा रंग भरला.

"हे काहून हिरवं केलं गं?"

"घोळ हाय की दादी. भाजी करून खातो ना आपण."

जिवनबाईला हसू आलं आणि पोरीची चूक कुठं होतेय तेही कळलं. जे खायला चालतं ते पीक, असा पोरीचा हिशेब होता. "पेरणाऱ्यानं बीट पेरलं," ती हळू म्हणाली. "त्यानं जे पेरलं न्हाई, ते समदं तन. मग ते तुला कितीबी गोड लागो."

तेवढ्यात तिथला प्रमुख विश्वजीत आला. हिंगोलीच्या कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून इकडं आलेला. त्यानं आजीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मनापासून सांगितलं, की या कामाला धूर नाही, विहिरी उपसाव्या लागत नाहीत, पोरींना गाव सोडावं लागत नाही. टिकणारा विकास असाच होणार. त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. जिवनबाईला नेमकं तेच खटकलं. मागं तांड्यात बोगस बियाणं विकून गेलेला माणूसही असाच चहा पाजून बोलला होता.

"सायेब, आमच्या पोरींनी रंगवलेलं कोन बघतंय?"

विश्वजीतनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, की एक यंत्र बघतं. या रंगांवरून ते तण ओळखायला शिकतं आणि शेतात फिरून तेवढंच जाळत जातं. तिकडं खुरपायला माणसंच मिळत नाहीत.

"आन इकडं कवा येनार ते?"

"इकडं नाही हो आजी. कोटीचं यंत्र आहे ते."

उत्तर फार लवकर आलं, असं जिवनबाईला वाटलं. दोन दिवस ती पुजाशी बोलली नाही. आपल्या बारा बायांच्या हातातलं खुरपं त्या यंत्राला देऊन टाकायचं का, हा तिच्यापुढचा सवाल होता. पण तिसऱ्या दिवशी पोरगी पोळी तशीच ठेवून उठली, तेव्हा म्हातारीनं तिला हाताला धरून रानात नेलं. रोप दोन पानांचं असताना कसं ओळखायचं, कुणाचं पान आधी गोल असतं, कुणाच्या देठावर लव असते, हे तिनं एकेक रोप दाखवत शिकवलं. पुजाला चुकू दिलं, पुन्हा विचारलं, पुन्हा दाखवलं. सलग चार दिवस.

त्या आठवड्यात पुजाला अठ्ठ्याण्णव आले. विश्वजीतनं पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी जेवताना पुजा सहज म्हणाली, की नवे फोटो आलेत आणि ज्वारीत बरू फार आहे. बरू म्हणजे रानगवत. कोवळं असताना हुबेहूब ज्वारीसारखं. पान खोडाला मिठी मारतं तिथं नीट बघितलं तरच फरक कळतो, आणि तो तांड्यातल्या खुरपणाऱ्या बायांना चांगला माहीत होता.

जिवनबाईचा घास हातात राहिला. "माती कोन्त्या रंगाची हाय?"

"काळी," पुजा म्हणाली. मग थोड्या वेळानं, खाली बघत, "एका फोटोच्या कोपऱ्यात खुरपं पडलेलं हाय. तुझ्यासारखंच, दोरी गुंडाळलेल्या मुठीचं."

ही रानं इकडचीच, हे ओळखून जिवनबाईनं घास ताटात परत ठेवला.

"बरू मला बी वळखाया येत न्हाई," जिवनबाई म्हणाली. आयुष्यात नातीशी ती पहिल्यांदा खोटं बोलत होती.

पुजानं मान वर केली. "तूच तर दाखवलंस ना मला, मागल्या पंधरवड्यात."

"मग तुझं तू बघ."

पुढचा आठवडा तिनं नातीला काही विचारलं नाही. रोज सांजच्याला मात्र ती रस्त्याकडं तोंड करून बसायची. शनिवारी पुजा बसमधून उतरली, हातपाय धुतले आणि आजीसमोर येऊन बसली.

"किती आले?"

"पंच्याण्णव. बराबर पंच्याण्णव." ती आजीकडं न बघता म्हणाली, "सर इचारत होते, चुकले ते समदे पिवळेच कसे म्हणून. मी म्हनलं, ते गवत आमच्यात कुनालाच वळखू येत न्हाई."

"त्यांला पटलं?"

"म्हाईत न्हाई. जरा येळ बघत राहिले माझ्याकडं."

जिवनबाईनं परातीतली भाकरी तिच्यापुढं सरकवली आणि वर घोळीची भाजी वाढली. लोखंडी तव्यावरची, लसूण घातलेली. मग उठून तिनं दाराआडचं आपलं खुरपं काढलं, मुठीची सुटलेली दोरी पुन्हा घट्ट गुंडाळली, आणि या वेळी ते परत दाराआड न ठेवता उशाशी ठेवलं.