मासोळीची शिवण

हिरीबाईने माशांची टोपली दाराबाहेरच ठेवली, पदराची गाठ सोडली आणि आतली वस्तू जमशेदच्या तळहातावर टेकवली.

"घ्या, जमशेदभाई. तुमची मासोळी."

बोटभर लांबीची, मऊ, दाबली की दबणारी नकली मासोळी होती ती. पाठ काळी, पोट पांढरं. तोंडातून गळाचा आकडा बाहेर आलेला आणि त्याला वीतभर तुटकी दोरी.

"कुठं सापडली?"

"मरळीच्या जबड्यात रुतून बसली होती. परका गळ घरात ठेवला तं जाळं रिकामं येते, म्हनून म्हटलं ज्याची त्याले देऊन टाकावी. अशी दोन रंगाची मासोळी तुमच्याबिगर कोन करते?" हिरीबाईने टोपली डोक्यावर घेतली. "तुमी पुन्हा करून राह्यले, लय बरं झालं."

"मरळ कुठली होती?"

"वरच्या अंगाची. डोहाच्या वर, दोन कोसांवर."

ती गेली. जमशेद दारातच उभा राहिला. त्याने सहा वर्षांत एकही मासोळी ओतली नव्हती.

हिरीबाई भोयाची. रिसोडच्या बाजारात पैनगंगेचे मासे विकणारी. पण या दारावरून जाताना ती कधी आरोळी देत नसे. डोक्यावरची टोपली पलीकडच्या हाताला घेऊन मुकाट्याने पुढे जायची. या घरात मासे शिजत नाहीत, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. ज्या नदीने घरातलं माणूस गिळलं तिचा मासा त्या घराने खायचा नसतो. काय सांगावं, त्या माशाने काय खाल्लं असेल. जमशेदचा धाकटा भाऊ फय्याज सहा वर्षांपूर्वी भादव्यात पैनगंगेच्या डोहात गेला. प्रेत सापडलंच नाही. सापडले ते काठावरचे जोडे.

भावांचा बापजाद्याचा धंदा छापखान्याचे रूळ ओतायचा. सरस भिजत घालायचा, उकळत्या पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा, त्यात काकवी घालायची आणि नळीत ओतायचा. थंड झाला की रबरासारखा लवचीक रूळ बाहेर येई आणि अक्षरांना शाई लावायला छापखान्यात जाई. उरलेल्या सरसाची मासोळी करायची अक्कल फय्याजची. आधी सफेदा कालवलेला पांढरा सरस साच्यात अर्ध्यापर्यंत ओतायचा. तो पोट. मग थांबायचं. बोट लावलं तर चिकटू नये, पण ठसा मात्र उमटावा, अशा घटकेला वरून काजळ घातलेला काळा ओतायचा. ती पाठ. घाई केली की दोन्ही रंग एकमेकांत घुसून चिखल होतो. उशीर झाला की दोघे एकमेकांना धरतच नाहीत आणि मासोळी पाण्यात जाताच उभी सोलून निघते. "एक पान चावून होईस्तोवर दम धरा," असं त्यांचे अब्बा सांगत. शेवटी फिटकरीच्या पाण्यात बुडवली की झालं.

दम धरणं हे मात्र फय्याजच्या रक्तातच नव्हतं. साचा पाटावर ठेवायचा सोडून पांढरा आळेस्तोवर तो हातातच धरून चुळबुळत उभा राही. त्यातून गडी डावखुरा. भांडं डाव्या हातात, साचा उजव्या. साचा कलायचा, पांढरा सरस शेपटीकडे जमायचा आणि दोन रंगांमधली शिवण डोक्यापासून शेपटीपर्यंत तिरकी जायची. मासे बिचारे त्याही मासोळीला लागत, पण जमशेदच्या डोळ्याला ते खुपे. एकदा वाशीमहून आलेल्या गळाच्या चार शौकिनांदेखत तो बोलून गेला, "तुहा हातच वाकडा हाये. तुह्याच्यानं आयुष्यात एक गोष्ट सरळ होनार नाही. जा, नदीत जाऊन बुड."

असं कोण कोणाला म्हणत नाही? आया पोरांना दिवसातून दहादा म्हणतात. फय्याज गेला तो गेलाच. संध्याकाळी डोहाच्या काठावर त्याचे जोडे सापडले, एकाशेजारी एक, नीट जुळवून ठेवलेले. तेव्हापासून जमशेदने पांढऱ्यावर काळा रंग ओतला नाही. रूळ ओततानाही सरसाचा भपका नाकात गेला की पाठीमागे कोणीतरी दम न धरता उभं आहे असं त्याला वाटे. वळून बघायचं तो टाळी.

आता त्याने मासोळी उजेडात धरली. शिवण तिरकी होती. पांढरा रंग सगळा शेपटीकडे.

आणि सरस! तो कितीही फिटकरीत बुडवा, पाण्यात चार दिवसांत बुळबुळीत होतो, आठ दिवसांत विरघळून जातो. ही मासोळी अजून टणक होती. आठवडाही झाला नसेल ओतून.

जमशेद दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. मेलेल्या भावाची भीती त्याच्या अंगवळणी पडली होती. जित्या भावाची भीती आज पहिल्यांदा वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या आधी, अगदी पहिल्या क्षणाला, त्याच्या मनात एकच शब्द आला होता. शुक्रवार.

शुक्रवारी त्याचा हुस्नाबानोशी निकाह होता. फय्याजच्या बायकोशी. काझीसाहेबांनी सगळं विचारून, वर्षं मोजून तिला मोकळी केली होती. हे जुळवलं अम्मीने. अमीनाबी म्हणाली, घरातली पोर घरात राहील, तुझीही चूल पाच वर्षं थंड आहे. जमशेदची बायको तापाने गेली होती. त्याने मान खाली घालून हो म्हटलं होतं. मान खाली घातली होती, कारण चेहऱ्यावरचा आनंद आईला दिसू नये. हुस्नाबानो त्याला इतकी वर्षं 'भाईसाब' म्हणायची. निकाह ठरल्यापासून, तीन आठवडे झाले, ती त्याला काहीच म्हणत नव्हती. ताट पुढे सरकवायची आणि भांड्याचा आवाज करायची.

परसात चुलीवर रुळाचा सरस वितळत होता. जमशेद मासोळी घेऊन तिथे गेला. दोन क्षणांचं काम. आत टाकली, ढवळली, की काजळ आणि सफेदा एक होऊन जाईल, आकडा तळाशी जाईल. त्याने आकडा काढला. हात भांड्यावर नेला. वाफ तळहाताला चटके देऊ लागली तरी बोटं उघडेनात.

"काय हाये ते?"

हुस्नाबानो न्हाणीच्या दारात उभी होती. हातात पिळलेलं लुगडं. जमशेदने मूठ मिटली, मग कोण जाणे काय वाटून उघडली.

तिने जवळ येऊन पाहिलं. मासोळी उचलून घेतली नाही, नुसतं एक बोट शिवणीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवलं. तिचा चेहरा काही बदलला नाही. फक्त लुगड्यातून पाणी ठिबकत होतं ते एकदम जास्त ठिबकू लागलं. मूठ आवळली गेली असावी.

"कोनं देली?"

"हिरीबाईनं. मरळीच्या तोंडात सापडली. वरच्या अंगाला."

तिने बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "माही हाये."

"तुही?"

"मीच ओतली. तुमी छापखान्यात रूळ पोचवाले गेलते तवा. माह्या भावाले शौक हाये गळाचा. त्याले देल्ली."

जमशेदच्या छातीवरचा दगड सरकला. फय्याज नाही. हुस्नाबानोच. फय्याज होता तोवर त्याचा हात बघत बसलेली बाई, तिला येणारच. हायसं वाटलं आणि पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. भाऊ मेलेलाच आहे हे कळून कोणाला हायसं वाटतं?

पण दगड सरकला तरी छातीवरून उतरला नव्हता.

"एक ओतून दाखव," तो म्हणाला. आवाज साधा ठेवायला त्याला फार कष्ट पडले.

तिने त्याच्याकडे पाहिलं. लुगडं दोरीवर टाकलं. फळीवरून साचा काढला, फुंकरीने धूळ उडवली, एरंडेलाचं बोट फिरवलं. वाटीत सरस घेऊन सफेदा कालवला. साचा पाटावर ठेवला आणि उजव्या हाताने पांढरा रंग ओतला. थांबली. बोट लावून ठसा पाहिला. मग काळा ओतला. एक थेंब इकडेतिकडे नाही. पार अब्बांच्या पद्धतीने, दम धरून.

साचा उघडला तेव्हा मासोळीची शिवण सुताने आखल्यासारखी सरळ होती.

दोघांनीही ती पाहिली. चुलीत लाकूड तडकलं. जमशेदला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि सगळं संपेल. किंवा आपल्याला बोलावं लागेल.

हुस्नाबानोने साच्याला परत एरंडेलाचं बोट लावलं. तिने साचा पुन्हा बांधला आणि या वेळी तो पाटावर ठेवला नाही. हातात धरला. डाव्या हातात साचा, उजव्यात वाटी. साचा मुद्दाम कलता केला. पांढरा सरस अंगठ्यावर सांडून चटका बसला तरी तिने साचा सोडला नाही. पांढरा तसाच आळू दिला आणि वरून काळा ओतला.

"हे पाहा," मासोळी काढून ती म्हणाली. "कधी कधी वाकडीबी होते."

जमशेदने नदीतली मासोळी आणि ही नवी वाकडी तळहातावर शेजारी ठेवल्या. दोन्ही तिरक्या होत्या. पण हात बदलला की कलही बदलतो. नदीतल्या मासोळीचा पांढरा रंग शेपटीकडे होता. हिच्या मासोळीचा डोक्याकडे. रूळ ओतणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि त्याच्या घरात नांदलेल्या बाईलाही नाही.

"हो," जमशेद म्हणाला. "तशीच झाली."

तिने त्याच्या हातातल्या दोन्ही आणि पाटावरची सरळ, अशा तिन्ही मासोळ्या घेतल्या, भांड्यात टाकल्या आणि ढवळत राहिली. काळा आणि पांढरा मिळून राखेसारखा एकच रंग होईपर्यंत ढवळत राहिली. जमशेद बाजूला उभा राहून बघत होता. काठावर नीट जुळवून ठेवलेले ते जोडे त्याला आठवले. उभ्या जन्मात एक वस्तू सरळ न ठेवलेल्या माणसाने जोडे तेवढे सरळ ठेवले होते. सहा वर्षं ही गोष्ट त्याच्या डोळ्यासमोर होती आणि ती त्याला आज दिसली. हिला कधी दिसली होती, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी हिरीबाई नेहमीप्रमाणे टोपली पलीकडच्या हाताला घेऊन दारावरून चालली होती. हुस्नाबानोने तिला हाक मारली.

"हिरीबाई, मरळ हाये का?"

हिरीबाई जागीच थबकली. तिने आधी घराकडे पाहिलं, मग हुस्नाबानोकडे. "हाये ना, बाई. पन तुमी—"

"दे."

मसाल्याचा वास परसातून ओटीवर आला तेव्हा अमीनाबी तसबीहचे मणी ओढत बसली होती. तिची बोटं थांबली. जमशेद जेवायला बसला होता, त्याच्यापुढे ताट आलं. मग अम्मीपुढे. ताटात जाड रश्श्यात मरळीचा तुकडा.

"काय हाये हे?" अमीनाबी म्हणाली. "काहून केलं असं? त्या नदीनं मानूस नेलं, तुले मालूम नाही काय?"

"खा, अम्मी," हुस्नाबानो म्हणाली. "आता खायले हरकत नाही."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. पाहतच राहिली. सहा वर्षं रोज रडून तिच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, आणि आता रडू यायला हवं तिथे ते आलं नाही. तिने तसबीह बाजूला ठेवली. हात धुतले. एक घास मोडला, काटा काढला, तोंडात घातला. चावता चावता तिचे ओठ वाकडे झाले, पण तिने तो गिळला.

"कोन्या अंगाची हाये ही?" तिने विचारलं.

"वरच्या," हुस्नाबानो म्हणाली.

अमीनाबीने दुसरा घास घेतला. मग तिसरा. सगळा तुकडा संपवला, काटे ताटाच्या कडेला लावून ठेवले. मग पदराने तोंड पुसत, जमशेदकडे न बघता म्हणाली, "शुक्रवारच्या आधी एक डाव वर जाऊन ये, बेटा."

जमशेदच्या हातात घास तसाच होता. कालपासून सांभाळून धरलेलं सगळं त्याच्या तोंडून एकदम निसटलं.

"जातो. पन काय सांगू त्याले?"

अमीनाबीने सुनेकडे पाहिलं. हे उत्तर तिने द्यायचं होतं.

हुस्नाबानो चुलीपाशी बसली होती. अंगठ्याला काल आलेला फोड होता, तो सांभाळत ती स्वतःचं ताट वाढून घेत होती. रस्सा घेतला. तुकडा घेतला. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिने जमशेदला हाक मारली, बायकोने नवऱ्याला मारावी तशी.

"ऐकता का," ती म्हणाली. "त्याले सांगा, आमी मासे खाल्ले."