कच्चा ठेवायचा रंग

“कच्चा ठेवायचा! काय सांगितलं मी?” डबा हातात देता देता बायकोने पुन्हा बजावलं.

“अगं हो, कच्चा. फिकट गुलाबी दिसला की हात मागे.”

“आणि गप उभं राहायचं. मागच्या दोन्ही वेळेला तुम्हाला दम धरवला नाही.”

रंगारी मान डोलावून जिना उतरला. बाईला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपला नवरा नापास कशाने होतो हे तिला बरोबर ठाऊक होतं.

उभा जन्म त्याने कापड रंगवण्यात घालवला होता. जुन्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तो नव्या कारखान्यात गेला, तर तिथल्या साहेबाने तोंडावर सांगितलं, “रंग आता यंत्र मिसळतं, मामा. तपासणीच्या खोलीत माणूस हवाय, पण कॉलेजचं पहिलं वर्ष पास झालेला.” झालं! केस पिकल्यावर गडी कॉलेजात जाऊन बसला. रसायनशास्त्र, संगणक आणि संवादकला, तिन्ही विषय अगदी श्रीगणेशापासून. पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तर पोरं मास्तर आले म्हणून उठून उभी राहिली.

संगणकात तो रडतखडत सुटला. चूक झाली की एक बटण दाबायचं, केलेलं सगळं पुसून मागे जाता येतं, याचं त्याला भारी अप्रूप. असलं बटण आधी भेटलं असतं तर, असं तो घरी म्हणायचा. संवादकलेत वर्गापुढे उभं राहून भाषण करायचं होतं. विषय त्याने घरचाच निवडला: पक्का रंग. “धुतल्यावर जातो तो रंग नव्हे, ती फसवणूक,” असं तो म्हणाला आणि पोरांनी बाकं बडवली. राहिलं होतं ते रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल. ही शेवटची संधी. आज नापास झाला तर कॉलेजातून नाव कमी होणार, आणि तपासणीची खोलीही गेली.

त्याच्यापुढे काचेची उभी नळी होती, खाली तोटी असलेली. नळीत अल्कली, खालच्या चंबूत आम्ल आणि रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. तोटीतून थेंब थेंब सोडायचा, चंबूतलं पाणी जेमतेम गुलाबी झालं की थांबायचं आणि मॅडमना दाखवायचं. नळीवरचा आकडा हेच उत्तर; त्यापुढे एक थेंब पडला की ते चुकलं.

त्या दिवशी हात कसा झकास चालला होता! शेवटचा थेंब पडला आणि चंबूत लाली आली, तान्ह्या बाळाच्या तळव्यावर असते तेवढी. त्याने तोटी बंद केली.

“मॅडम, झालं!”

“आलेच हं, काका. आता हात लावू नका,” पलीकडच्या टेबलावरून मॅडम म्हणाल्या. तिथे कुणा मुलीच्या हातून काच फुटली होती, त्या तिचं बोट बघत होत्या.

तो चंबूकडे बघत उभा राहिला. लाली ओसरत होती. हवा लागली की ती ओसरते, त्याने बिघडत काही नाही, हे मॅडमनी वर्गात कितीदा सांगितलं होतं. डोक्याला ते पाठ होतं. हाताला कोण समजावणार? त्याच्या हातचं कापड रंग गेला म्हणून आजवर कुणी परत आणलं नव्हतं, आणि इथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा रंग उतरत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम येऊन बघतील काय? नुसतं पाणी?

एकच थेंब, म्हणून त्याने तोटी सैल केली. मग आणखी एक. मग चंबू भरून देखणा, दाट गुलाबी रंग चढला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पडला आणि तिथेच गोठला.

मॅडम आल्या. चंबूकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

“काका, हे काय केलंत?”

“जात होता, मॅडम.”

“जातोच तो. जाऊ द्यायचा होता.”

त्यांनी नळीवरचा आकडा वाचला आणि लिहून घेतला. दुसरं काय करणार होत्या? रंगाऱ्याने चंबू बेसिनमध्ये रिकामा केला. पाण्याबरोबर रंग निघून जाताना त्याला ओरडून रडावंसं वाटलं, पण आजूबाजूला पोरं होती.

बायको दारातच उभी होती.

“कच्चाच ठेवलात ना?”

तो चपला काढत राहिला. “पक्का झाला गं.”

ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मग त्याच्या पिशवीतून प्रयोगशाळेचा पांढरा कोट काढला आणि दर वेळच्या सवयीने धुवायला टाकायला निघाली.

“राहू दे,” तो म्हणाला. “मळलाच नाही.”

तिने उजेडात धरून पाहिलं. खरंच, कुठे एक डाग नव्हता. तिने कोटाची नीट घडी घातली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिली.