मिटलेल्या मुठी

चैत्र आला होता. सह्याद्रीच्या माथ्यावर कुसुंबाची कोवळी पालवी लालेलाल झाली होती, पांगाऱ्याची ज्वालापुष्पे निळ्या नभाला भिडली होती, आणि रानजाईच्या गंधाने भारलेला वारा दरीतून हलके हलके वर येत होता. चैत्र आला होता; पण झऱ्याची वाट काळी होती.

फाल्गुनातल्या वणव्याने सारा उतार जाळला होता. त्या करपल्या, मुक्या वाटेवरून कालिंदी रिकामी परडी घेऊन एकटीच निघाली होती. ही वाट एरवी दोघींची असायची. पुढे अक्का, तिच्या थोरल्या जाऊबाई, मागे ती.

उद्या तृतीया, उद्या चैत्रगौर. या घरची गौर झऱ्यावरच्या नेच्यांच्या हिरव्या आराशीतच बसायची, ही अक्कांनी लावलेली रीत. अक्का गेल्या, वर्षभर घरात सण नव्हता. यंदाही गौर बसली नाही तर ती रीतही अक्कांच्या मागोमाग जाणार, हे कालिंदीला पुरतं ठाऊक होतं.

कोरड्या माणदेशातून ती या घरात आली, तेव्हा तिने नेचा डोळ्यांनी पाहिला नव्हता. पहिल्याच चैत्रात अक्कांनी तिला परडी देऊन धाडलं, आणि या शहाणीने उलगडलेली पाने सोडून त्या लवदार, गुंडाळलेल्या, इवल्या मुठीच वेचून आणल्या. मोगऱ्याच्या कळ्या सांजेला खुडाव्यात, रात्रीतून त्या उमलाव्यात, तशा याही उमलतील असा तिचा हिशेब! पहाटे पाहते तो मुठी मिटलेल्याच. काळवंडलेल्या, माना टाकलेल्या. तिला रडूच फुटलं.

"अगं खुळे, हा काय मोगरा आहे?" अक्का हसल्या. "ही मूठ आईच्या कडेवरच उघडते."

सासूबाई उठायच्या आत अक्का पदर खोचून झऱ्यावर गेल्या आणि उलगडलेली पाने घेऊन आल्या. कुणाला कळलंही नाही. त्या पहाटे माणदेशच्या पोरीला या डोंगरात माहेर मिळालं.

झरा आला. थेंब, थेंब, थेंब. पण कातळावरची ती हरितकोमल, पिसांसारखी पाने कुठेच नव्हती. होती नुसती राख आणि जळकी देठं. कालिंदीचा जीव गलबलला.

"अक्का, तुमच्या गौरीला मी आता काय नेऊ?"

मग डोळे पुसताना तिला दिसलं. ओल्या फटीत एक हिरवी मूठ. पलीकडे आणखी एक. वर, खाली, राखेच्या कडेकडेने मुठीच मुठी, सगळ्या मिटलेल्या. तिचा हात पुढे झाला, आणि तसाच मागे आला.

ती घरी परतली. दारात अक्कांची लेक मृणाल उभी होती.

"काकू, परडी रिकामीच? मग गौर?"

"गौर बसणार, बाळ. यंदा नेचे घरी यायचे नाहीत. गौरच त्यांच्याकडे जाईल."

तृतीयेला उन्हं कलली, तशा गावातल्या बायका पन्ह्याच्या कळश्या नि आंबेडाळीची पातेली घेऊन त्या काळ्या वाटेने चालू लागल्या. राखेवर रंगीत लुगड्यांची रांग उमटली. पितळी गौर कातळाच्या कोनाड्यात बसली. कालिंदीने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. कुंकवाचं उरलेलं एक बोट, अक्कांच्या वाटणीचं, तिने ओल्या कातळाला टेकवलं, आणि मग ती मनसोक्त रडली.

थेंब, थेंब, थेंब. कुंकू ओघळत होतं. आणि कातळाच्या कडेवर एक इवली हिरवी मूठ हळूच, अगदी हळूच, सैल होत होती.