फोडीच्या आतपर्यंत

तापातून उठल्यावर आचारीणबाईंच्या जिभेची चव गेली, ती महिने उलटले तरी परतली नाही. खानावळ मात्र थांबली नाही. हात सवयीने चालत होते आणि चव बघायला धाकटी जाऊ होती.

त्या दुपारी सोललेल्या बटाट्याच्या फोडी दोन पातेल्यांत शिजवायच्या होत्या. बाईंनी आपल्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं, तसं पाणी फसफसून वर आलं. जाऊ बोलण्याच्या नादात मीठ विसरली. फोडी शिजल्यावर तिने जीभ चावली आणि वरून मीठ भुरभुरलं.

"जाऊबाई, मीठ ते मीठच की! आधी टाकलं काय आन नंतर टाकलं काय!"

बाईंनी तिच्या पातेल्यातली फोड तोंडात टाकली. जिभेला काहीतरी चुरचुरलं. त्या दचकल्याच. पण फोड चावली आणि पुन्हा सगळं कोरं. मग त्यांनी धास्तावतच आपल्या पातेल्यातली फोड घेतली. ती दाताखाली फुटली आणि आतून बटाट्याची मातकट, गोडसर चव तोंडभर पसरली. शिजता शिजता पाण्याने मीठ पार आतपर्यंत नेलं होतं. आयुष्यभर पाण्यात मीठ टाकत आलेल्या बाई आज ते कुठे जातं हे नव्याने बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं? खारट झालं का?" जाऊ घाबरली.

"नाही गं," बाई हळूच म्हणाल्या, "बटाटा बटाट्यासारखा लागतोय!"

आणि उभ्या उभ्याच त्यांनी दुसरी फोड उचलली.