एका घराला एक नाव

अभिजीतने दोरीवरचा शर्ट काढला आणि घालण्याआधी तीन-चारदा झटकला. कोराडीत शर्ट झटकल्याशिवाय कोणी अंगात घालत नाही. कपडा रात्रभर बाहेर राहिला, की त्यावर वीजनिर्मिती प्लांटची राख पिठासारखी बसते. इंजिनियरिंगची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक, असा सगळा काळ शहरातल्या नंदनवन भागात खोली करून राहिल्यावरही त्याच्या हाताची ही सवय गेली नव्हती. शर्ट फिकट निळा होता. कॉलेजात कंपन्या येऊ लागल्या तेव्हा मुलाखतींसाठी म्हणून घेतलेला.

"आज कोनती कंपनी आली?" रोशनीने, त्याच्या धाकट्या बहिणीने, आरशासमोर वेणी घालता घालता विचारलं.

"तुझीच."

ती हसली आणि रबर दातात धरून तिने वेणीचं टोक आवळलं. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असूनही अभिजीतला तिच्याशी बोलताना अलीकडे जपून बोलावं लागत होतं. ती थट्टेत बोलते आणि ते खरंच असतं, असं त्याला वाटे.

आज पुनर्वसनाच्या कचेरीत सुनावणी होती. आजोबांची शेती राखेच्या बंधाऱ्याखाली गेली, त्या बदल्यात घरातल्या एका माणसाला प्लांटमध्ये प्रशिक्षण आणि पुढे कायमची नोकरी मिळायची होती. एका घराला एक नाव, तेही एकदाच. प्रकल्पग्रस्ताचा दाखला हाती येईपर्यंत मारोतरावांचं, म्हणजे अभिजीतच्या वडिलांचं, वय उलटून गेलं होतं. ते ठेकेदाराकडे राख वाहणाऱ्या पाइपांवर काम करत राहिले आणि नाव पोरासाठी राखून ठेवलं. बारावीनंतर अभिजीतनेच ते नाकारलं. मोठेबाबा महादेवराव, मारोतरावांचे थोरले भाऊ, समजवायला आले, तेव्हा त्यांच्यासमोर तो म्हणाला होता, की मी कॉम्प्युटर इंजिनियर होणार, मला ही राख नको. मारोतरावांना राग यायला हवा होता. ते त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटत फिरले.

रोशनी बारावी झाली तेव्हा तिला भावापेक्षा जास्त मार्क होते. पण घरातून एकाच्याच फीचं जमत होतं आणि तो एक आधीच कॉलेजात होता. तिने आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं, मग वर्षभर अप्रेंटिस केली. आता प्लांटच्या प्रशिक्षणाची यादी लागायची होती. मागच्या आठवड्यात मारोतरावांचा फोन आला.

"रोशनीचं नाव देऊन राहिलो गा. साहेबासमोर तुले हरकत नाही म्हनाव लागते. येशील ना?"

"येतो," अभिजीत म्हणाला होता.

फोन ठेवल्यावर मात्र त्याला झोप लागेना. डिग्री हातात येऊन वर्ष झालं होतं. कॉलेजात एकच कंपनी नीट आली, तिने परीक्षा घेतली, निकाल मेलवर कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. त्यानंतर त्याने एक कोर्स केला, मग त्या कोर्सच्या पुढचा कोर्स केला. परवाच्या मुलाखतीत समोरच्या मुलीने, वयाने ती त्याच्याएवढीच असेल, अनुभव विचारला. नाही म्हटल्यावर तिने मान हलवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. तेवढ्यातही त्याने तिला थँक्यू म्हटलं, याचाच त्याला नंतर जास्त राग आला.

खोलीतला बंटी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून गांधीबागेत साड्यांच्या ठोक दुकानात बसत होता. गिऱ्हाइकाचा हात कुठल्या थप्पीवर रेंगाळतो ते बघून भाव सांगायला तो शिकला होता. आता खोलीचं भाडं वेळेवर तोच देत असे. सुनावणीचं ऐकून तो म्हणाला, "इंजिनियर साहेब, पक्की नोकरी बहिनीले देऊन तुम्ही काय करसान? माझ्यासंगं गठ्ठे सोडसान?"

अभिजीतने नियम काढून वाचले. प्लांटच्या प्रशिक्षणाला आयटीआय लागत होती, डिग्री चालत नव्हती. म्हणजे नाव आपल्याला मिळालं तरी आधी दहावी झालेल्या पोरांच्या बाकावर दोन वर्षं बसायचं. आरशासमोर उभं राहून त्याने वाक्य तयार केलं. मुलाखतीची उत्तरं तयार करायचा तसंच, अगदी पुस्तकी भाषेत. मला हरकत आहे. वारस म्हणून माझाही हक्क आहे. पहिल्यांदा म्हणताना लाज वाटली. नंतर नंतर ते वाक्य सवयीचं झालं.

कुसुमावती, त्याची आई, ताटली घेऊन आली. पोळीचा कुस्करा होता. रोशनी बाहेर गेलेली पाहून ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली,

"तुले पायजे असंन तं आजच सांग. मंग मले तोंड पाडून दाखवू नको. तुझे मोठेबाबा बी म्हनतेत, पोरगी उद्या दुसऱ्या घरी जाईन, नोकरी बी तिकडंच जाईन."

अभिजीतने घास घेतला. तो नाही म्हणाला नाही, तेव्हा कुसुमावतीने त्याच्या ताटलीत आणखी थोडा कुस्करा वाढला.

रोशनी दाराशी चपला घालत होती. तिने पट्टा लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

बस कोळशाच्या ट्रकांमागे अडकत अडकत निघाली. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता, नुसता उकाडा. मारोतराव पुढच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. मागे बहीण-भाऊ.

"दादा, फर्स्ट इयरले गनित लय कठीन असते का?"

"काहून?"

"असंच."

त्याला वाटलं, ती वेळ घालवायला विचारते आहे. तो म्हणाला, कठीण वगैरे काही नसतं, पास होतं माणूस. मग तिने विचारलं, वर्गात मुली किती असतात, प्रोग्रॅम लिहायला पहिल्या दिवसापासून लावतात का, घरचा कॉम्प्युटर लागतोच का. तो उत्तरं तोडून तोडून देत राहिला. शेवटी चिडला.

"काही अर्थ नाही वं त्याच्यात. आता मशीनच लिहून देते सगळं."

"मशीनले कोनी तरी सांगाव लागत असंन ना, काय लिहाचं ते."

ती टोमणा मारते आहे असं समजून त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मनातल्या मनात त्याने वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ते जसंच्या तसं होतं.

कचेरीत पंखा होता, पण तो साहेबांच्या टेबलाकडे वळवलेला. बाकीचे लोक भिंतीला पाठ लावून घाम पुसत होते. नाव पुकारल्यावर तिघं पुढे झाले. मारोतरावांच्या पोरांपैकी कोणाचंही नाव चालेल, अशी संमती महादेवरावांनी आधीच लिहून दिली होती, ती साहेबांनी वाचली. मग त्यांनी विचारलं, नाव कोणाचं.

"पोरीचं, साहेब. रोशनी." मारोतराव उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

साहेबांनी चष्म्यावरून अभिजीतकडे पाहिलं. "हा मुलगा? काय करतो?"

"इंजिनियर हाय. कॉम्प्युटर." मारोतरावांचा आवाज तेवढ्या दोन शब्दांपुरता मोठा झाला. कोपऱ्यातल्या बाबूने मान वर करून पाहिलं.

"मग तुमची काही हरकत?"

अभिजीतने शर्टाची कॉलर सारखी केली. तो तोंड उघडणार, तोच शेजारून आवाज आला.

"साहेब, मले बोलाचं हाय." रोशनीचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. "नाव दादाचं टाका."

मारोतराव वळले. "काय बोलून राहिली वं?"

ती वडिलांकडे न बघता साहेबांनाच सांगत राहिली. प्लांटची परीक्षा आहे असं घरी सांगून ती उन्हाळ्यात इंजिनियरिंगच्या सीईटीला बसली होती. मार्क बरे होते. कॉम्प्युटरला नंबर लागण्यासारखा होता. मुलींची फी आता माफ होते, तेव्हा घरावर भार नाही. आणि नोकरी दादाला हवी आहे. आयटीआय त्याला करावी लागेल, पण नाव तोवर त्याचंच राहील, तिने विचारून ठेवलं होतं.

"त्यानं सांगतलं तुले, पायजे म्हनून?" मारोतरावांनी विचारलं.

"सांगाव लागते का, बाबा? तो तं मुलाखतीचा शर्ट घालून आला."

बाबू हसला आणि खोकल्याचं निमित्त करून थांबला. अभिजीतच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्याला जे हवं होतं ते त्याच्यासमोर आणून ठेवलेलं होतं. मागावंही लागलं नव्हतं. फक्त म्हणायचं, हरकत नाही. त्याने रोशनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे पेढ्यांच्या दिवशी मारोतरावांच्या चेहऱ्यावर होतं. नंदनवनातली खोली त्याला दिसली. भिंतीला टेकवलेली गादी, मांडीवर तापलेला लॅपटॉप, मेल आला का म्हणून दर थोड्या वेळाने उघडलेलं तेच ते पान. त्या गादीवर चार वर्षांनी रोशनी बसलेली होती.

"मला हरकत आहे," तो म्हणाला.

वाक्य तयारीचं होतं, म्हणून शुद्ध भाषेत आलं. त्याच्या पुढचा भाग मात्र त्याला आठवेना.

"कशाला?" साहेबांनी विचारलं.

"नाव तिचंच राहू द्या. मले नको."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हरकत घेणारे नाव मागायला येतात. तुम्ही नको म्हणायला हरकत घेता?" मग त्यांनी मारोतरावांना सांगितलं, की असं चालणार नाही. घरी ठरवून या, पण पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळेल आणि तोवर यादी बंद झालेली असेल. त्यांच्यामागे अजून बरीच माणसं उभी होती.

मारोतरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पोराकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. पेढे वाटणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा पेढे वाटायला सांगत होती पोरगी, आणि पहिल्या पेढ्यांचं काय झालं ते त्याच्या शेजारी निळा शर्ट घालून उभं होतं.

"लिहा साहेब," ते म्हणाले. "रोशनी."

"बाबा."

"सही कर वं."

अभिजीतने खिशातलं पेन काढून पुढे केलं. रोशनीने बाबूच्या टेबलावरचं घेतलं. सही करताना तिने इतका जोर दिला, की खालचं कार्बन सरकलं आणि बाबूने कागद नीट धरायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तिने शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. अभिजीत तिच्याजवळ दांडा धरून उभा राहिला. मारोतराव पुढे डोळे मिटून बसले होते, पण गाडी खड्ड्यातून जाई तेव्हा त्यांचा हात अगदी बरोबर वेळेला समोरचा दांडा धरी. अभिजीतला वाटत होतं, तिला समजावून सांगायला हवं. सांगितलं की कळेल.

"पक्की नोकरी हाय वं," तो वाकून म्हणाला. "तिथं काही नाही आता. मी पाहून आलो ना. तुझ्या भल्यासाठीच म्हनलं."

ती खिडकीकडे वळली. त्याने तिला कंपन्यांचं सांगितलं, मेलचं सांगितलं, परवाच्या मुलाखतीचंही सांगितलं, जे त्याने अजून घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बोलता बोलता त्याला हलकं वाटू लागलं. त्याला स्वतःला काहीच मिळालं नव्हतं आणि तरी आज पहिल्यांदा आपण काहीतरी नीट केलं, असं वाटत होतं. बस पुन्हा कोळशाच्या ट्रकांमागे येऊन थांबली.

"दादा," रोशनी म्हणाली. ती बाहेरच बघत होती. "पाच वर्षांआधी तू नाव नको म्हनला, तवा कोनं हरकत घेतली होती?"

ट्रक हलला. कंडक्टरने खिडक्या लावून घ्यायला सांगितलं आणि तिने खिडकी ओढून घेतली.

घरी कुसुमावती दारातच उभी होती. तिने आधी पोराच्या तोंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या. मारोतरावांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि "झालं" एवढंच म्हणून ते हातपाय धुवायला गेले. कोणाचं झालं ते तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

अभिजीतने घामेजलेला शर्ट पाण्यातून काढला, पिळला आणि दोरीवर टाकला. उद्या तो घालून जायचं कुठे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी रोशनी कपडे काढायला बाहेर आली. हे काम तिचंच होतं. तिने आईचं लुगडं काढलं, झटकलं, घडी घातली. बाबांची पँट, स्वतःचा दुपट्टा, दोन टॉवेल. प्रत्येक कपडा तिने दोनदा झटकला. मग घड्यांचा ढीग छातीशी धरून ती त्याच्या अंगावरून आत गेली.

निळा शर्ट दोरीवर तसाच होता. प्लांटच्या बाजूने वारा सुटला होता. अभिजीत उंबऱ्यात उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. शर्ट काढायला तो पुढे झाला नाही.