बर्फाचा कानोसा

मी एक जुनी, निळी शीतपेटी आहे. माझी एक कडी सैल झाली आहे आणि खांद्याचा पट्टा कुणाच्या तरी फाटक्या पिशवीचा आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला सहलीच्या डब्याची आठवण होईल. पण मी आयुष्यभर पोटात लस वाहिली.

कारखान्यात माझ्या दुहेरी भिंतींमध्ये फेस ओतला गेला. तो फुगून घट्ट झाला आणि तेव्हाच माझा स्वभाव ठरला: आतले आत राखायचे, बाहेरचे बाहेर. पुढे दवाखान्यात मी एका नर्सबाईंच्या हाती आले. त्यांची एक रीत होती. फ्रीजरमधून काढलेले आईसपॅक त्या लगेच माझ्यात ठेवत नसत. टेबलावर त्यांना घाम फुटू देत, मग एकेक कानाशी नेऊन हलवत. आत पाणी डुचमळले की मान डोलावत. टणक बर्फाशेजारी लस गोठते, आणि एकदा गोठलेली लस वितळली तरी तिचे बळ परतत नाही.

मग फ्लूची ती मोठी साथ आली. रस्ते तोंड झाकून बसले. नवी लस थोडी थोडी येई; गर्भवती, वृद्ध आणि दमेकरी यांचा मान पहिला. नर्सबाईंची धाकटी बहीण पोटुशी होती आणि तिचा नवरा रुग्णवाहिका चालवी. दिवसभर तापाने फणफणलेली माणसे वाहून तो संध्याकाळी घरी येई. साथीला त्या घराचा उंबरठा लांब नव्हता.

लसीकरणाच्या सकाळी ऊन आधीच चटके देत होते. लस उन्हाने वाया जाऊ नये, या एकाच धास्तीने नर्सबाईंनी दगडासारखे आईसपॅक थेट माझ्यात रचले आणि झाकण लावले. त्या दिवशी बर्फाचा कानोसा कुणी घेतला नाही.

शाळेच्या वर्गात बहीण बाही वर करून बाकावर बसली होती. नर्सबाईंनी कुपी उचलली. आत बर्फाचे बारीक काटे उगवले होते. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्यांची तीच गत. तळहाताच्या उबेने पहिलीतले काटे विरघळू लागले. आणखी क्षणभराने कुणालाही काही कळले नसते.

"बाही खाली घे," त्या म्हणाल्या. "लस गोठली. माझ्याच हातून."

"आता तर पाणीच दिसतंय. टोच ना, ताई. तशीच घरी कशी जाऊ?"

"ही टोचली तर तू निर्धास्त होशील. त्याचीच मला भीती वाटते गं."

मग त्या बाहेर गेल्या आणि साऱ्या रांगेला आपली चूक सांगितली. कुणी पुटपुटले, कुणी पाठ फिरवली. एक आजोबा म्हणाले, लस नाही तर निदान बर्फ तरी वाटा, उन्हात उभे आहोत. नर्सबाईंनी खरोखरच एक आईसपॅक रुमालात गुंडाळून त्यांच्या हाती दिला. आजोबांनी तो कपाळाला लावला.

नवी लस येईपर्यंत नर्सबाईंचे ते मेहुणे, साथ घरात नको म्हणून, रुग्णवाहिकेतच झोपत. खिडकीखाली उभे राहून बायकोला जेवलीस का विचारत, आणि ती वरून त्यांनाच जेवायला दटावी. ताई रोज दोघांना धीर देई आणि परतल्यावर माझ्या रिकाम्या पोटात उगाच पाहत बसे.

अखेर लस आली. आईसपॅकना घाम फुटला. नर्सबाईंनी एक बहिणीच्या कानाशी धरला. "ऐक." आत पाणी हलले आणि बहीण हसली. ताप नाही ना, कधी कसली रिअ‍ॅक्शन आली होती का, हे परक्या बाईला विचारावे तसे विचारून मगच ताईने सुई टोचली. वर बजावले, लस अंगी मुरायला काही दिवस लागतात, तोवर नवरोबा गाडीतच. आणि आता अर्धा तास इथून हलायचे नाही, बहीण असलीस तरी.

ती मला पोटाशी घेऊन बसली. मित्रांनो, माझ्या भिंतींतून ऊन शिरत नाही, गारवा निसटत नाही. पण त्या दुपारी बाहेरून एक इवलीशी लाथ थेट आत पोहोचली.

आता माझ्यावर फडकी वाळत घालतात. त्याचे मला दुःख नाही. फक्त उद्या तुमच्यापैकी कुणाच्या खांद्यावर माझ्यासारखी पेटी आली, तर घाई कितीही असो, बर्फ आधी कानाशी न्या. आतले पाणी बोलू द्या. मग झाकण लावा.